लोंबी हेरणारी नजर

भाताची नवी जात म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेचं काम, असं आपल्याला वाटतं. पण एका नामांकित जातीची सुरुवात साध्या शेतकऱ्याच्या नजरेतून झाली.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' भाताच्या शेतात त्यांना पिवळसर, वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, दरवर्षी निवडून बी वाढवलं. भाताचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून निवडलेला गुण पुढे टिकतो. बाजारात या तांदळाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी.

अशीच निवड आता उन्हासाठी हवी. फुलोऱ्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला, तर पराग निकामी होतात आणि दाणा पोचट राहतो. उन्हाळी भाताला हा धोका जास्त. यावरही जुनं उत्तर आहे. उत्तर प्रदेशात 'राजभोग' या देशी भातातून निवडलेलं 'नगिना २२' उष्णता सोसतं. आज जगभरचे शास्त्रज्ञ नव्या जातींसाठी त्याचा आधार घेतात.

आपल्या मावळ-मुळशीत, भोर-वेल्ह्यात लावणी, कापणी, बियाणं राखणं बायाच करतात. म्हणून ही नजर आपल्याकडे आहेच. कडक उन्हात निसवलेल्या भातात भरलेली लोंबी दिसली की तिला रंगीत दोरा बांधा. शेजारच्या, त्याच दिवशी फुललेल्या लोंब्या पोचट आहेत का, ते पाहा. नाहीतर ती गार दिवशी फुलली म्हणूनही भरली असेल. बांधालगतची रोपं घेऊ नका, त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो. पुढच्या हंगामात ते बी वेगळं लावा. तीन-चार हंगाम गुण टिकला, तरच ते गटाचं बियाणं म्हणा.

आणि सगळं गटाच्या वहीत लिहा: बी कुणी निवडलं, कधी, कुठल्या शेतात. एचएमटी दूरवर पोचलं, दादाजींना सन्मानही मिळाले, पण हाती पैसा फारसा आला नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हा आजारपणात घरची ओढाताणच होती. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यांना आणि त्यांच्या गटांना स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. त्या नोंदणीसाठी आपली वहीच कामाला येईल. बी आपण राखतो, तर त्यावर नावही आपलंच असू द्या.