खारपाणपट्टा आणि नावेचा बोल्ट

वऱ्हाडाला समुद्र नाही. पण मीठ आहे. तापीची उपनदी पूर्णा ज्या मैदानातून वाहते, तिथल्या अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतील मोठ्या पट्ट्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. इथल्या विहिरींच्या पाण्यापासून एकेकाळी मीठ निघे. इंग्रजी अमलात ते बंद झाले. १९३० च्या सत्याग्रहात वऱ्हाडातील कार्यकर्त्यांना मीठ करण्यासाठी किनारा गाठावा लागला नाही. अकोला जिल्ह्यातील दहीहांड्याचे खारे पाणी पुरेसे ठरले.

हा प्रसंग आपण राजकीय इतिहासात वाचतो. लोखंडाच्या इतिहासातही त्याला जागा आहे. गंज ही कोकणची पीडा, असे मानून वऱ्हाडात तलावावरच्या नावेला, वल्ह्याला किंवा पुरातल्या बचाव-बोटीला हाताशी येईल तो बोल्ट लावला जातो. पण धातू समुद्राचे अंतर मोजत नाही. तो पाण्यातला क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, ओळखतो.

खिळ्यांचा हा धडा इंग्रजांच्या आरमाराने महागात घेतला. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहतात तो पत्रे शाबूत, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे जागोजागी विरघळलेले. जिथे पत्र्याखालचा जाड कागद तसाच राहिला होता, तिथले खिळे मात्र टिकले. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना भिडले की त्यांतला एक दुसऱ्याला खातो, हे तेव्हा डोळ्यांना दिसले.

१९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम मिसळलेले न गंजणारे पोलाद ओतले. त्याच सुमारास जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात क्रोमियमबरोबर निकेल घातलेले पोलाद तयार झाले होते. या पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. ओरखडा पडला तरी हवेतला प्राणवायू मिळताच तो पुन्हा धरतो. क्लोराइड मात्र त्याला ठिकठिकाणी भेदतो. वॉशरखालच्या ओल्या फटीत प्राणवायू पोचत नाही, म्हणून तिथे थर सांधत नाही. वरून डोके चकचकीत आणि आत दांडा पोखरलेला, असे होते ते यामुळेच.

‘स्टेनलेस’ हे एका धातूचे नाव नाही, कुळाचे आहे. त्यातल्या ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते; गोड्या तलावाला ते चालते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि तेच क्लोराइडपुढे अधिक तग धरते. स्वस्तातल्या २०० मालिकेत निकेलच्या बऱ्याच भागाची जागा मँगनीज घेते. दुकानात चुंबक लावून पारख करतात, पण चुंबक न धरणारा बोल्ट २०० मालिकेचाही असू शकतो आणि थंड अवस्थेत घडवलेला अस्सल ३०४ सुद्धा थोडा चुंबक धरतो. त्यापेक्षा डोक्यावरची खूण वाचावी: ‘ए२’ म्हणजे ३०४ च्या जातीचा, ‘ए४’ म्हणजे ३१६ च्या.

आता वऱ्हाडाकडे परतू. नाव चिखलदऱ्याच्या गोड्या पाण्यात चालत असेल तर ए२ पुरे. पण तीच नाव खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवली, तर पाणी उडते आणि मीठ फटीत साचते. दर धुण्यागणिक ते वाढते. तिथे ए४ च हवा आणि शेवटचे पाणी गोडे हवे. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टेनलेसचा बोल्ट बसवायचा तर मध्ये नायलॉनचा वॉशर आणि नळी घालावी. ‘अलार्म’वरच्या कागदाचेच काम ती करते.

या निवडीत प्रश्न चार पैशांचा नसतो. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ मध्ये तरणतलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण दगावले. छत ज्या सळयांवर टांगले होते त्या स्टेनलेसच्याच होत्या. तलावाच्या हवेतला क्लोराइड त्यांच्यावर साचत गेला आणि ताणाखाली त्यांना आतून तडे गेले. तिथेही समुद्र नव्हता.

पूर्णेच्या काठच्या माणसाला विहिरीचे पाणी जिभेवर घेताच खारे की गोडे ते कळते. बोल्ट घेताना पहिला प्रश्न तोच आहे. पुरात बोट सोडायची वेळ येईल, तेव्हा तो विचारायला सवड नसेल.