काचेचे मणी आणि ‘पातेरनोस्त्रेरी’

व्हेनिस नगरीत मणी घडविणाऱ्या कारागिरांना ‘पातेरनोस्त्रेरी’ म्हणत. ‘पातेर नोस्तेर’ म्हणजे प्रभू येशूने शिकविलेली ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना. मध्ययुगात भाविक माळेवर ही प्रार्थना मोजत. त्यामुळे माळेला व पुढे मणीकारांनाही तिचे नाव लाभले. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसच्या शासनाने काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या. तेथील मणीकामाच्या दोन पद्धती विशेष प्रसिद्ध आहेत.

पहिली ओढीव मण्यांची. लोखंडी दांड्यावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन त्यात पोकळी करतात. समोरच्या बाजूस दुसरा दांडा चिकटवून दोन कारागीर विरुद्ध दिशांना झपझप चालू लागतात. काच ताणली जाऊन लांबलचक नळी होते आणि आतील पोकळीही तिच्याबरोबर ताणली जाते. तेच मण्यांचे भोक. ते मागाहून पाडलेले नसते! नळीचे बारीक तुकडे चुना व कोळशाच्या भुकटीत घोळवितात, म्हणजे भोके भरून राहतात व पुन्हा तापविताना बुजत नाहीत. मग तप्त पात्रात फिरवून कडा गोल करतात. रंगीत काचेचे थर ताऱ्याच्या साच्यात दाबून ओढलेला मणी म्हणजे ‘रोझेत्ता’. पंधराव्या शतकातील मारिएत्ता बारोविएर या स्त्रीकडे त्याचे श्रेय परंपरेने जाते.

दुसरी पद्धत ज्योतीवरील गुंडाळीव मण्यांची. ज्योतीत मऊ केलेली काचेची कांडी धातूच्या तारेभोवती गुंडाळतात. मणी हळूहळू निववावा लागतो. घाई केल्यास तो तडकतो. त्यावर रंगीत कांड्यांच्या चकत्या बसविल्या की ‘मिल्लेफियोरी’, म्हणजे ‘हजार फुले’. तांब्याच्या कणांनी चमकणारी काच ती ‘अव्हेंच्युरीन’. मणीकामाची ही कला इटली व फ्रान्सच्या वतीने २०२० साली युनेस्कोच्या वारसा-यादीत समाविष्ट झाली.

बारीक मणी ओवण्याचे काम ‘इंपिरारेस्से’ या गरीब स्त्रिया करीत. दाराशी बसून, लांब सुया पंख्यासारख्या धरून, त्या लाकडी पात्रातील मण्यांत खुपसत. मजुरी मात्र तुटपुंजी मिळे.

घरातील जुन्या जपमाळेचे मणी भिंगाखाली पाहावेत. काचेतील रेषा भोकाला समांतर असतील तर मणी ओढीव, भोकाभोवती वळलेल्या असतील तर गुंडाळीव. आणि अंगावर सांध्याची बारीक कड दिसली तर तो साच्यात दाबलेला.