आतड्यात आतडे : एका पोटदुखीचा इतिहास

वाचकहो, इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, एवढं सांगून आम्ही इतिहासाचे मास्तर मोकळे होतो. पण घरातल्या दुखण्यांनाही इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसला तर कधी कधी पोरगं हातचं जातं. अशाच एका दुखण्याची ही हकीकत.

सदऱ्याची बाही घाईने काढताना उलटून स्वतःच्याच आत शिरते ना, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. आतडी तर सारखी पुढे ढकलण्याचंच काम करीत असतात. त्यामुळे शिरलेला भाग आणखी आत ओढला जातो. त्याच्या रक्तवाहिन्या आवळतात, सूज येते, वाट बंद होते. वेळीच सोडवला नाही तर तो भाग मरतो. डॉक्टर याला इंटससेप्शन म्हणतात.

आपल्या सुश्रुतसंहितेत ‘बद्धगुदोदर’ या नावाने आतड्याच्या अडथळ्याचं वर्णन आहे, आणि पोट उघडून अडथळा दूर करण्याचा विधीही आहे. त्यात हा रोगही असू शकेल. पण नेमका हाच होता, असं छातीठोकपणे म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. युरोपात १६७४ साली आम्स्टरडॅमच्या पॉल बार्बेटने तो ओळखला आणि १७९३ साली जॉन हंटरने त्याचं सविस्तर वर्णन छापलं. तरी उपचार काय? पारा पाजायचा, भात्याने हवा भरायची आणि देवाचा धावा करायचा! १८७१ साली लंडनच्या जोनाथन हचिन्सनने दोन वर्षांच्या मुलीचं पोट उघडून आतडं सोडवलं आणि ती जगली. १८७६ पासून कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंगने गुदद्वारावाटे पाण्याच्या दाबाने आतडं मागे सारण्याचा प्रयोग चालवला. त्याने १९०५ साली १०७ रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ३५ टक्के दगावले होते. त्या काळी हे मोठंच यश! पुढे क्ष-किरणांखाली बेरियम देऊन आतडं सोडवण्याची रीत अमेरिकेत रॅविचने १९४८ साली रूढ केली.

आणि आपल्याकडे? १८६७ साली आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. तिने वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेला. शस्त्रक्रियेची विद्या इकडे यायला मात्र फार उशीर लागला. नागपूरला १९४७ साली वैद्यकीय महाविद्यालय निघालं, अमरावतीला १९८४ मध्ये आणि अकोल्याला सरकारी महाविद्यालय २००२ मध्ये. आजही धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तेही घाटातून. या रोगात तासांचा हिशेब असतो, म्हणून हे अंतर सांगितलं.

आता मुख्य मुद्दा. हा रोग बहुधा तान्ह्या बाळांचा. पाच ते दहा महिन्यांच्या वयात सर्वांत जास्त. म्हणूनच सात-आठ वर्षांचं पोरगं पोट धरून बसलं की या रोगाचं नाव कुणाला सुचत नाही. कुणी म्हणतं नळ भरले, कुणी म्हणतं शाळा बुडवायचं नाटक आहे. शेम आणि रक्त पडलं तर आव समजून घरगुती औषध दिलं जातं. शिवाय मोठ्या मुलात उलटी, रक्त आणि पोटातला गोळा ही सारी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. कळ येते, जाते, पुन्हा येते. मधल्या वेळात पोरगं खेळतंसुद्धा! तिथंच आपण फसतो.

सोनोग्राफीत मात्र हे चोर पकडलं जातं. आतड्याचा आडवा छेद कांद्याच्या चकतीसारखा, वर्तुळात वर्तुळ असा दिसतो. मुलाला सलाईन लावून, क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या नजरेखाली हवेच्या वा पाण्याच्या दाबाने आतडं सोडवता येतं. पण आतडं फाटलं असेल, सर्व पोटात विष पसरलं असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

मोठ्या मुलात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो : आतडं आत शिरलं का? तान्ह्या बाळात बहुधा ठळक कारण सापडत नाही. वय वाढतं तशी कारण सापडण्याची शक्यता वाढते. कधी मेकेलची जन्मजात पिशवी, कधी आतड्यातला कोंब, क्वचित लसीका ग्रंथींचा कर्करोग. केवळ दाबाने आतडं सुटलं म्हणून समाधान मानलं, तर मूळ तसंच राहतं आणि दुखणं परत येतं. म्हणून अशा मुलांना पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते. उलट, लहान आतड्यातला थोडासा शिरकाव कधी आपोआप सुटतोही. पण तो निर्णय डॉक्टरचा, आपला नव्हे.

तेव्हा वाचकहो, लेकराला कळा येऊन येऊन जात असतील, हिरवी उलटी होत असेल, शौचात रक्त दिसत असेल किंवा पोट फुगत असेल, तर एरंडेल पाजू नका, पोट चोळू नका, चटके तर मुळीच देऊ नका. तोंडाने काही न देता सरळ दवाखाना गाठा, आणि कळ किती वाजता सुरू झाली ते डॉक्टरला नीट सांगा. हंटरच्या काळातल्या आईबापांजवळ वेळ होता, पण उपाय नव्हता. आपल्याजवळ उपाय आहे. वेळ तेवढा आपण दवडू नये.