आपल्या मालकीचं पाणी

पवईत नवं घर घेतलेल्या माझ्या भाच्याने परवा मला बाल्कनीत नेलं आणि म्हणाला, ‘मामू, इथून तलाव दिसतो.’ दिसत होता. दोन इमारतींच्या मधून, सतरंजीएवढा. तेवढ्या तुकड्यासाठी त्याने जास्तीचे किती लाख मोजले, ते मी विचारलं नाही. त्या पाण्याला त्याला हात लावता येणार नाही, त्यात पाय सोडून बसता येणार नाही. तरीही तो ‘आमचा तलाव’ म्हणत होता आणि म्हणताना त्याचा चेहरा उजळला होता.

मी हसलो नाही. हसण्याचा मला हक्क नाही, कारण आमच्या घरी एकेकाळी खरंच स्वतःचं तळं होतं.

अंधेरीला, पूर्वेकडे, मरोळच्या वाटेवर माझ्या आजोबांची वाडी होती. आंबा, चिंच, थोडी भातशेती आणि कोपऱ्यात तळं. फार मोठं नव्हे. या काठावरून पोराने मारलेला दगड सहज त्या काठावर पडे. एका बाजूला काळ्या दगडाच्या अकरा पायऱ्या होत्या. आजोबांचं पंचांग म्हणजे त्या पायऱ्या. पाऊस सरला की पाणी दुसऱ्या पायरीवर, होळीला सहाव्या, मे महिन्यात दहाव्या. कुणी ‘काय, कसं काय?’ विचारलं तर ते स्वतःच्या तब्येतीचं सांगत नसत. ‘सातवीवर आहे,’ म्हणत. ऐकणाऱ्याला कळायचं.

त्या तळ्याचं त्यांनी मालक म्हणून केलं तरी काय? मासे विकले नाहीत. शिंगाडा लावला नाही. गळ टाकणाऱ्या पोरांवर ते ओरडत आणि एखाद्याला मरळ लागला की किती वजनाचा म्हणून बघायला आधी स्वतःच धावत. पहाटेच्या नमाजनंतर पायरीवर बसून राहत. खंड्या एकदा तरी पाण्यात सूर मारेपर्यंत उठत नसत. लहानपणी मला वाटे की, हे रिकामपण आहे. आता त्यांच्या वयाच्या जवळ आल्यावर वाटतं, तळं बाळगायचं ते बहुधा याचसाठी. शेताकडे पाहिलं की काम दिसतं. तळ्याकडे नुसतं पाहता येतं.

पण एवढंच कारण असतं, तर मुंबईचा इतिहास वेगळा घडला असता.

क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद पाहा. ती १८०२ साली पुरी झाली. जिथे ती उभी आहे, तिथे पूर्वी बागेच्या मधोमध एक तळं होतं आणि त्याचा मालक एक कोकणी मुसलमान होता. मशिदीसाठी जागा द्यायला तो तयार झाला, पण एका अटीवर: तळं कायम राखायचं, बुजवायचं नाही. म्हणून बांधणाऱ्यांनी तळ्याच्याच पोटातून काळ्या दगडाच्या कमानी उभारल्या आणि वर मशीद चढवली. ते पाणी आजही तिथे आहे, तळच्या झऱ्यांचं, आणि त्यात मासेही आहेत. जमीन दिली, मालकी सोडली. पाण्याचा हट्ट मात्र सोडला नाही. दोन शतकांमागचा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. वजू करायला गेलो की हात पाण्यात थोडे जास्तच वेळ राहतात.

वांद्रे स्टेशनाबाहेरचा तलाव तर उपनगरातल्या लाखो माणसांनी बसच्या खिडकीतून पाहिला आहे. आज त्याला स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. त्यापूर्वी तो मोठा सरोवर किंवा लोटस टँक म्हणून ओळखला जाई. तो बांधणारा शेजारच्या नवपाड्यातला एक श्रीमंत कोकणी मुसलमान, एवढंच सांगितलं जातं.

या मुलुखात तळं का लागे, हे वेगळं सांगायला नको. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी साष्टीची गावं. मुंबईच्या हद्दीत ती आली १९५० आणि १९५७ साली. पाऊस दोन हजार मिलिमीटरहून जास्त, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. उरलेले आठ महिने ज्याच्याकडे साठा, त्याच्याकडे सारा गाव. विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये. दोन्ही साष्टीच्या डोंगरात, पण पाणी गेलं ते मुंबई शहराला. साष्टीची गावं पुढे कित्येक वर्षं आपापल्या विहिरी-तळ्यांवरच राहिली.

पवईचंच घ्या. आजचा तलाव १८९० च्या सुमाराचा, बांध घालून केलेला. पण त्याआधी साठ वर्षं पवईची जमीन फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेठकडे कायमच्या पट्ट्याने होती. त्यांनी तिथे विहिरी आणि तळी खोदली. ऊस, नीळ, तुती लावली. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी त्याचं कौतुक करून ठेवलं आहे. आता गंमत अशी की, आपल्या इस्टेटीत तळी खोदणाऱ्या याच माणसाने १८३१ साली धोबी तलावाच्या पुनर्बांधणीसाठीही मोठी रक्कम खर्च केली. ते तळं सगळ्यांचं. आणि नाव राहिलं ते या दुसऱ्या तळ्यामुळे. कावसजी पटेलांचंही तेच. त्यांच्या तळ्यात आज थेंब नाही, पण बसचा कंडक्टर अजून ‘सी. पी. टँक’ म्हणून हाक देतो.

तेव्हा तळ्याच्या मालकाला मिळणाऱ्या सुखात नावलौकिकाचा वाटा असतोच, तो नाकारू नये. विहीर खोल असते, झाकता येते, तिला कुलूप लावता येतं. तळं उघडं असतं. त्याच्या मालकाला कंजूष होणं अवघड जातं.

घरोघरी तळं ही कल्पना मात्र खरी रुजवली ती आपल्या शेजाऱ्यांनी. बोरिवलीहून गाडीत बसून भाईंदरची खाडी ओलांडली की वसई लागते. तिथे वाडीच्या कोपऱ्यात खोदलेल्या तळ्याला ‘बावखल’ म्हणतात. किती नेमका शब्द आहे! एका वसईकर मित्राने मला त्याच्या वाडीतलं बावखल दाखवलं. खोदताना निघालेली माती घराच्या जोत्याला आणि वाफ्यांच्या भरावाला जायची. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि रहाटाने ते केळीला, पानवेलींना मिळायचं. त्याहून मोठं काम डोळ्यांना दिसत नसे. वसईची जमीन समुद्राला खेटून. बावखलातलं गोडं पाणी सावकाश जमिनीत मुरे आणि खाली खाऱ्या पाण्याला थोपवून धरे. म्हणजे माझं बावखल माझ्या शेजाऱ्याची विहीर गोड ठेवायचं. पुढे विजेचे पंप आले, रहाट थांबले, बोअर खोल गेल्या. बावखलाला काम उरलं नाही. काही बुजली, काहींत कचरा पडला, पुष्कळ विहिरी मचूळ झाल्या. मित्र म्हणाला, ‘पोहायला आम्ही सगळे त्यातच शिकलो. आता माझा मुलगा फी भरून शिकतो.’ अलीकडे काही ठिकाणी बावखलं साफ करणं सुरू झालं आहे. त्याच्या बावखलात मला कमळाचे वेल दिसले, आणि एक तरंगती चप्पलही.

तळी बुजवणारे सगळेच नतद्रष्ट होते, असं मी म्हणणार नाही. हिवतापाने मुंबईत माणसं मरत होती. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली त्यावर अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते साठलेल्या पाण्यावर, विशेषतः खाजगी विहिरींवर. हा शहरी डास स्वच्छ पाण्यातच वाढतो. विहिरी झाकायचे, बुजवायचे हुकूम निघाले. पारशी आणि हिंदू मालकांनी धर्माच्या आधाराने हरकती घेतल्या. कुणाचं मूल तापाने फणफणलेलं असताना त्याला खंड्याचं कौतुक सांगता येत नाही. शहरातली बरीचशी तळी अशी गेली आणि त्यांच्या जागी मैदानं, बाजार, रस्ते झाले.

आमचं तळं मात्र डासांनी घेतलं नाही.

आजोबा गेल्यावर वाडीचे वाटे झाले. दोन आत्यांची लग्नं, काकांचं कर्ज. वाडी विकायची ठरली. यात अब्बांना दोष देण्यासारखं काही नव्हतं, आजही देत नाही. साल १९८१. मी अकरा वर्षांचा होतो.

इथे थोडं कायद्याचं सांगायला हवं. सात-बाराच्या उताऱ्यावर न पिकणाऱ्या जमिनीला ‘पोटखराब’ म्हणतात. तळंही त्यातच. सरकारच्या लेखी तळं म्हणजे खराबा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण महसुलाच्या नियमांत पोटखराबाचे दोन वर्ग आहेत, अ आणि ब. मालकाखेरीज इतर लोक ज्याचं पाणी पिण्याला, घरकामाला किंवा शेतीला वापरतात, ते तळं वर्ग ब मध्ये बसतं. रस्ता आणि दफनभूमी यांच्या पंगतीला. म्हणजे कोरड्या नियमालाही तळ्याविषयी हाच प्रश्न पडला होता: इथे आणखी कोण पाणी भरतं? शिवाय १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे. कुणी वीस वर्षं उघडपणे, विनातक्रार, हक्काने पाणी भरत असेल तर तो त्याचा हक्कच होतो. मात्र मालकाच्या परवानगीने भरत असेल, तर शंभर वर्षांनीही होत नाही.

आमच्या तळ्यावर शेजारच्या दोन चाळींतल्या बायका पाणी भरायच्या. नळ आले होते, पण त्यांना धार नव्हती. गवळ्याच्या म्हशी दुपारी पलीकडच्या काठाला येत. अनंत चतुर्दशीला पाच-सहा घरचे गणपती आमच्याच पायऱ्यांवरून उतरत आणि आदल्या दिवशी आजोबा शेवाळ घासून घेत, कुणाचा पाय घसरू नये म्हणून. यातल्या कुणीही, कधीही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आजोबांना ते शिवी दिल्यासारखं लागलं असतं.

व्यवहाराआधी जागेचा पंचनामा झाला. चिंचेखाली खुर्च्या टाकल्या होत्या. लिहिणाऱ्याने विचारलं, ‘पाणी कोण वापरतं?’ अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आम्ही. आणि शेजारचे, आमच्या परवानगीने.’ लिहून झाल्यावर त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं: ‘सदर तळ्याचे पाणी शेजारील रहिवासी मालकांच्या परवानगीने भरतात.’ पंचांनी सह्या केल्या. मी अब्बांच्या खुर्चीला धरून उभा होतो. हे खरं नाही, हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. अकरा वर्षांच्या पोराला कोण विचारणार होतं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पायऱ्यांवर तेव्हा तीन-चार बायका होत्या आणि त्यांनी ते वाचन ऐकलं होतं.

पावसाळ्यानंतर भरणीचे ट्रक आले. सहा दिवसांत अकराही पायऱ्या गेल्या.

मला मात्र आठवते ती पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाणी नवव्या पायरीवर होतं. चाळीतली एक मावशी दोन कळशा घेऊन आली. माझ्या जन्माच्या आधीपासून ती पाणी भरत होती. रोज ती सरळ पायऱ्या उतरे. त्या दिवशी ती वरच थांबली, पदर सारखा केला आणि ओट्यावर दात घासत असलेल्या अब्बांना म्हणाली, ‘भाई, पाणी भरू का?’