सेलबोर्नचे कासव आणि इंग्लंडचा हिवाळा

कासव दीर्घायुषी असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण भूमध्य समुद्राकाठच्या उबदार प्रदेशातले, जमिनीवर राहणारे कासव इंग्लंडसारख्या थंड देशात नेले तर ते जगते कसे? याचे उत्तर अठराव्या शतकातील एका धर्मोपदेशकाच्या नोंदींत सापडते.

गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) हे दक्षिण इंग्लंडमधील सेलबोर्न गावचे. त्यांच्या आत्याने रिंगमर येथे अंगणात एक कासव अनेक वर्षे पाळले होते. त्याचे नाव टिमथी. मार्च १७८० मध्ये आत्या वारल्यावर व्हाइट यांनी झोपलेले टिमथी उकरून काढले, तेव्हा ते रागाने फुत्कारले. पेटीत मातीसह ठेवून घोडागाडीने त्याला ८० मैल दूर सेलबोर्नला आणले. गाडीच्या धक्क्यांनी ते पुरते जागे झाले आणि बागेत फिरले. पण संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा मातीत शिरले.

व्हाइट टिमथीचे वजन करीत, वागणे टिपून ठेवीत. नोव्हेंबरच्या मध्यास ते जमिनीत जाई आणि एप्रिलच्या मध्यास वर येई. भर उन्हाळ्यात ते अधाशासारखे खाई. मात्र शरद ऋतूतील शेवटचे सहा आठवडे जवळजवळ काहीच खात नसे. या काळात ते फळझाडांच्या भिंतीशी जाऊन पाठ तिरकी करी, म्हणजे मंद ऊनही कवचावर अधिक पडे.

आज या नोंदींचा अर्थ आपल्याला लावता येतो. कासव शीतरक्ती प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान परिसराप्रमाणे बदलते आणि पचनाचा वेगही त्यानुसार ठरतो. थंडीत पचन जवळपास थांबते. पोटात राहिलेले अन्न कुजते आणि त्यातून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून झोपेआधीचा उपास हा आजार नसून तयारी असते. झोपेत सुमारे ५ अंश सेल्सियस तापमान योग्य ठरते. शून्याखाली गेल्यास डोळ्यांना इजा होते किंवा जीवही जातो. १० अंशांच्या वर गेल्यास प्राणी जागा होऊ लागतो आणि साठवलेली चरबी वाया जाते.

डिसेंबर १७८४ मध्ये सेलबोर्नचा पारा उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास उतरला. तरीही टिमथी वाचले. माती उष्णतेची मंदवाहक असल्याने वरचा कडाका खाली फार हळूहळू पोहोचतो. आयुष्याचा मोठा भाग झोपण्यात घालवणाऱ्या प्राण्याला इतके दीर्घायुष्य कशासाठी, असा प्रश्न व्हाइट यांना पडला होता. पण थंड देशात ती झोप होती म्हणूनच ते आयुष्य टिकले.

टिमथी व्हाइट यांच्या मागे वर्षभरही जगले नाही. १७९४ च्या वसंतात ते मेले. त्याचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. आयुष्यभर नर समजले गेलेले हे कासव मादी होते, हे नंतरच्या तपासणीत कळले!

विसाव्या शतकात अशी कासवे मोरोक्कोसारख्या देशांतून जहाजांनी इंग्लंडमध्ये आणून स्वस्तात विकली गेली. प्रवासात खंगलेली कित्येक कासवे पुरेशा चरबीविना झोपी गेली आणि पहिल्याच हिवाळ्यात मेली. युरोपीय समुदायाने १९८४ मध्ये त्यांची व्यापारी आयात बंद केली. झोपेआधी वजन तपासावे, पोट रिकामे होऊ द्यावे, जागा गोठू देऊ नये, हे नियम आज तेथील पशुवैद्य आवर्जून सांगतात.

भारतात तारांकित कासव पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, तेव्हा हा प्रयोग आपण करायचा नाही. पण व्हाइट यांची पद्धत कोणत्याही शाळेला परवडणारी आहे. अंगणातला सरडा ऊन खायला किती वाजता आणि कोणत्या भिंतीवर येतो, याची तारीखवार वही वर्षभर ठेवा. शेजारी रोजचे तापमान लिहा. दोन्ही रकाने एकत्र वाचल्यावर विद्यार्थ्यांना शीतरक्ती या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.