चाकाच्या पोकळीतील कवच : टायरदाब संवेदकाच्या आवरणाचा इतिहास (१९८६ ते २०२०)

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटला की वाफेचे इंजिन, छापखाना, तारायंत्र, संगणक अशा मोठ्या शोधांची परंपरा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. या शोधांना टिकवून धरणारी आवरणे, डब्या, झाकणे आणि चकत्या यांच्याकडे मात्र इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात अशाच एका दुर्लक्षित वस्तूचा, म्हणजे मोटारीच्या चाकात बसविलेल्या टायरदाब संवेदकाच्या आवरणाचा, ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. या संवेदकाचा इतिहास सामान्यतः इलेक्ट्रॉनिक्सची प्रगती किंवा कायद्याची सक्ती म्हणून सांगितला जातो. परंतु संवेदक किती काळ जगणार, तो कोणाला दुरुस्त करता येणार आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी पडणार, हे त्यातील सूक्ष्म चिपपेक्षा तिच्याभोवतीच्या प्लॅस्टिकच्या डबीने अधिक ठरविले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सुट्या चाकाचा त्याग आणि संवेदकाचा जन्म :

१९८६ च्या पोर्शे ९५९ या जर्मन मोटारीत टायरमधील दाबावर देखरेख ठेवणारी यंत्रणा प्रथम बसविण्यात आली, असे मानले जाते. ही गाडी अत्यंत वेगवान, महागडी आणि अल्प संख्येने निर्माण झालेली होती. तिच्यातील यंत्रणा टिकली किंवा बिघडली तरी समाजाच्या दृष्टीने त्याला फारसे महत्त्व नव्हते. १९९७ च्या शेव्हरोले कॉर्वेटची गोष्ट वेगळी होती. या गाडीत हवा गेल्यावरही काही अंतर धावू शकणारे, ताठ बाजूंचे टायर दिलेले होते आणि सुटे चाक अजिबात नव्हते. असे टायर हवा गेल्यावरही बसत नाहीत, त्यामुळे हवा गेल्याचे चालकास समजतच नाही. अर्थात इशारा देणारी यंत्रणा येथे चैनीची राहिली नाही. सुट्या चाकाची जागा एका संवेदकाने घेतली, आणि संवेदक विश्वासार्ह असणे ही त्या अदलाबदलीची अट बनली.

कायदा व न्यायालय :

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. या टायरांचा वरचा थर सुटून प्रामुख्याने फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटत होत्या. शासकीय यंत्रणेने या अपघातांशी एकूण २७१ मृत्यूंचा संबंध जोडला. दोष टायरच्या रचनेचा की कमी दाबाचा, यावर दोन्ही कंपन्यांत कडवट वाद झाला. फोर्डने दर चौरस इंचास २६ पौंड इतका दाब सुचविला होता, ही बाब त्या वादात वारंवार पुढे आली. कमी हवेचा टायर अधिक लवतो, लवण्याने तापतो आणि तापल्याने त्याचे थर सुटू लागतात, एवढे मात्र निर्विवाद होते. १ नोव्हेंबर २००० रोजी 'ट्रेड' कायदा संमत झाला व दाबाचा इशारा देणारी यंत्रणा त्याने बंधनकारक ठरविली.

यानंतर खरा संघर्ष पद्धतीवरून झाला. चाकाच्या आत संवेदक ठेवणारी पद्धत प्रत्यक्ष, तर ब्रेकयंत्रणेतील वेगमापकांच्या आधारे चाकांच्या फिरण्यातील फरक मोजणारी पद्धत अप्रत्यक्ष. दुसरी पद्धत स्वस्त होती. तिला चाकात काहीही ठेवावे लागत नसे. मात्र चारही टायर सारखेच उतरले तर त्या काळची अप्रत्यक्ष यंत्रणा ते ओळखू शकत नव्हती. २००२ च्या नियमाने तिलाही वाव ठेवला. 'पब्लिक सिटिझन' या ग्राहकसंस्थेने त्यास आव्हान दिले आणि २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. एप्रिल २००५ च्या सुधारित मानकाने एक, दोन, तीन किंवा चारही टायरांतील दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाल्यास २० मिनिटांत इशारा-दिवा लागला पाहिजे असे ठरविले. १ सप्टेंबर २००७ पासून हे मानक अमेरिकेतील जवळजवळ सर्व नव्या हलक्या वाहनांना पूर्णपणे लागू झाले. अशा रीतीने न्यायालयाच्या एका निकालामुळे लक्षावधी चाकांच्या पोकळीत प्लॅस्टिकच्या डब्या जाऊन बसल्या. मानकातील परीक्षणे मात्र दिवा वेळेत लागतो की नाही हे पाहणारी होती. डबी किती वर्षे टिकावी, हा विषय निर्माता व पुरवठादार यांच्यातील व्यवहारावरच राहिला. ही उणीव दिसते तितकी किरकोळ नाही.

पोकळीतील परिस्थिती :

चाकाच्या आतील जागा बाहेरून निवांत भासते. साधे गणित केले तरी हा भ्रम दूर होतो. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर व अक्षापासून संवेदकाचे अंतर २० सेंटिमीटर धरल्यास ताशी १०० किलोमीटर वेगाला त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १७५ पट केंद्रोत्सारी बल पडते. म्हणजे ३० ग्रॅमचा संवेदक पाच किलोंहून जड होतो. वेग दुप्पट झाला की हे बल चौपट होते, आणि तोच संवेदक २१ किलोंच्या भाराने व्हॉल्व्हला ओढू लागतो. त्यात एका बाजूला हिवाळ्यातील उणे ४० अंश सेल्सिअस, तर दुसऱ्या बाजूला ब्रेकच्या तबकडीची धग. म्हणून १२५ अंशांपर्यंतचे तापमान सोसण्याची अपेक्षा ठेवण्यात आली.

धातूची डबी या भारास सहज पुरी पडली असती. परंतु धातूत बंदिस्त केलेला प्रेषक मुका होतो. संदेश अमेरिकेत ३१५ व युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी जात असल्याने त्यांना वाट देणारा पदार्थ आवश्यक होता. काचतंतू मिसळलेले नायलॉन व तत्सम प्लॅस्टिक यासाठी सर्रास वापरले गेले.

याहून अवघड पेच छिद्राचा होता. दाब मोजायचा तर आतील हवा संवेदकापर्यंत पोहोचली पाहिजे. पण तीच हवा कॉम्प्रेसरमधील पाणी, टायर चढविताना लावलेला साबणाचा फेस आणि पंक्चर बुजविणारे चिकट द्रव सोबत आणते. म्हणजे डबी पूर्ण बंद हवी आणि उघडीही हवी. यावर निघालेला तोडगा असा : दाब मोजणाऱ्या सूक्ष्म पडद्यावर मऊ सिलिकॉनचा थर द्यायचा, त्याच्यापुरते एक बारीक छिद्र ठेवायचे आणि बाकीचा विद्युत्पट व बॅटरी राळेत बुडवून घट्ट करायची. धावत्या चाकात द्रव बाहेरच्या बाजूस फेकला जातो, ही गोष्ट येथे उपकारक ठरते. गाडी थांबल्यावर मात्र तोच द्रव ओघळून डबीवर येतो, आणि बुजविणाऱ्या द्रवाने छिद्र कायमचे बंद होण्याचा धोका राहतोच.

राळेने धक्के शोषले, ओल रोखली, तारांचे सांधे सांभाळले. पण तिने बॅटरीही कायमची कोंडली. लिथियमची ती लहानशी चकती साधारणतः सात ते दहा वर्षे चालते. ती संपली की धडधाकट संवेदक फेकून द्यावा लागतो. येथे टिकाऊपणा आणि दुरुस्ती हे एकमेकांचे वैरी झाले. अभियंत्यांनी निवड जाणीवपूर्वक केली व तांत्रिकदृष्ट्या ती समर्थनीयही होती, परंतु तिची किंमत गाडीच्या पहिल्या मालकाने सहसा मोजली नाही. ती जुनी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला आली.

व्हॉल्व्ह, पट्टा आणि गंज :

डबी बसवायची कोठे? रिमला हवा भरण्यासाठी सुमारे साडेअकरा मिलिमीटरचे एक छिद्र आधीच होते. ऑगस्ट श्रेडर यांनी १८४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या व्यवसायाने १८९३ मध्ये ज्या व्हॉल्व्हचे पेटंट मिळविले, त्याच्याच वंशातील व्हॉल्व्हच्या बुंध्याला आता संवेदक लटकविण्यात आला, आणि या नव्या धंद्यातही श्रेडर हे नाव अग्रभागी राहिले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात जुनी सोय नव्या वस्तूचा आकार कसा ठरविते, याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

संवेदकाचा भार पेलण्यासाठी रबरी बुंध्याऐवजी ॲल्युमिनियमचा बुंधा आला, आणि त्याच्याबरोबर एक अनपेक्षित संकटही आले. व्हॉल्व्हचा गाभा परंपरेने पितळेचा असे. बर्फाळ प्रदेशात रस्त्यावर टाकलेले मीठ व ओल या दोन धातूंच्या सांध्यात शिरली की तेथे विद्युत्-रासायनिक क्षरण सुरू होई. गाभा बुंध्यात घट्ट धरे आणि तो काढू पाहताना बुंधाच मोडे. पितळी टोपीनेही तेच होई. निकेलचा मुलामा दिलेला गाभा आणि प्लॅस्टिकची टोपी हा त्यावरचा साधा उपाय. पण टायरच्या दुकानातील सवयीने साधा पितळी गाभा बसविला गेला की महागडा संवेदक वाया जाई. पुढे रबरी बुंध्याचे संवेदकही आले. ते गंजत नाहीत, मात्र अतिवेगाला त्यांची मर्यादा आहे.

फोर्डने अनेक गाड्यांत निराळी वाट धरली होती. रिमच्या खोलगट भागात पोलादी पट्ट्याने संवेदक आवळायचा. व्हॉल्व्हवरचा भार यामुळे टळला, परंतु बाहेरून पाहणाऱ्याला आत संवेदक आहे हे कळेनासे झाले. टायर उतरविणाऱ्या कामगाराने लोखंडी लिव्हर घातला की डबीचा चुरा. आवरणाची परीक्षा केवळ वेगाने व उष्णतेने होत नसून ती दुकानातील हातांकडूनही होते, हे येथे स्पष्ट होते. पुढील काळात फोर्डही व्हॉल्व्हच्या रचनेकडे वळली.

भारतीय संदर्भ :

युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींसाठी ही यंत्रणा बंधनकारक केली. भारतात जुलै २०२० च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीने वेगळा मार्ग घेतला. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि टायरदाब यंत्रणा असल्यास साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनास सुटे चाक नसले तरी चालेल, असे तिने ठरविले. कॉर्वेटमध्ये १९९७ साली झालेली अदलाबदल येथे नियमाच्या भाषेत आली. परंतु एक विसंगती नजरेआड करता येत नाही. दुरुस्तीच्या संचातील चिकट द्रव आणि संवेदकाचे बारीक छिद्र यांचे जुने वैर या नियमाने एकाच गाडीत आणून ठेवले आहे. शिवाय आपल्याकडील महामार्गालगतच्या पंक्चरच्या दुकानात टायर बहुधा हातानेच उतरविला जातो, नट अंदाजाने आवळला जातो आणि गाभा डब्यातून हाताला येईल तो बसविला जातो. त्या कारागिरास आत काय आहे हे सांगणारी एखादी खूण रिमवर असावी, एवढी साधी तरतूदही बहुसंख्य गाड्यांत दिसत नाही.