चौदा फेऱ्या

आजची गोष्ट व्हिएतनाम युद्धातली.

१४ नोव्हेंबर १९६५. इया द्रांग खोऱ्यातल्या ‘एक्स-रे’ नावाच्या माळावर कर्नल हॅल मूर यांची सुमारे ४५० जणांची तुकडी शत्रूच्या तावडीत सापडली. गोळीबार इतका, की जखमींना नेणाऱ्या वैद्यकीय हेलिकॉप्टरांनी उतरायला नकार दिला.

मेजर ब्रूस क्रँडल यांनी स्वतः जायचं ठरवलं. सोबतीला कॅप्टन एड फ्रीमन आपणहून निघाले. सहा फूट चार इंच उंचीमुळे सैन्याने सुरुवातीला ज्यांना वैमानिक होऊ दिलं नव्हतं, तेच हे फ्रीमन!

त्यांच्या ‘ह्यूई’वर शस्त्रं नव्हती. जाताना पाणी, दारूगोळा, औषधं; येताना जखमी. अशा १४ फेऱ्या त्यांनी केल्या. सुमारे ३० गंभीर जखमींचे प्राण वाचले.

‘मेडल ऑफ ऑनर’ मिळायला मात्र २००१ साल उजाडलं. क्रँडल यांना तर २००७.

ऑफिसात आपण सहज म्हणतो, “हे माझं काम नाही.” जखमींना आणणं हे फ्रीमन यांचंही काम नव्हतं. पहिल्या फेरीनंतर ते थांबले असते, तरी कुणी बोल लावला नसता. पण माळावर माणसं वाट बघत होती. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.